सवय की सोय? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहून गेले की काही रोग येतात आणि जातात, काही येतात आणि मुक्काम ठोकतात, आणि मुक्काम ठोकणाऱ्याची तयारी वेगळी करावी लागते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी ॲसिडिटी, केस गळणं आणि झोप हे आपले तिन्ही नेहमीचे विषय बाजूला ठेवलेत, संबंधितांनी रागावू नये, पुढच्या वेळी घेते. नावं छापत नाही. पत्रं लांब होती ती थोडी कापलीत.

डॉक्टर, समजा एखादा संसर्गजन्य रोग कायमचाच राहिला, वर्षातून दोन-तीन लाटा, पक्का इलाज नाही, लस आहे पण अर्धीमुर्धी, तर समाज कसा बदलेल? सगळ्यांनी जन्मभर मास्क लावून लांब लांब उभं राहायचं का? का शेवटी सवय होऊन जाते?

सवय होते हो, माणसाला कशाचीही सवय होते, तिथेच तर घोळ आहे.

आधी एक शब्द साफ करू, एन्डेमिक. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं सुटलो एकदाचे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की रोग आता इथे राहतो आणि साधारण किती लोकांना होणार याचा अंदाज बांधता येतो, बास. तो सौम्य झालाय असं त्यात कुठेच नाही. मलेरिया एन्डेमिक आहे आणि जगात वर्षाला ६ लाखांच्या आसपास माणसं मारतो. टीबी एन्डेमिक आहे, २०२३ मध्ये त्याने साडेबारा लाख माणसं नेली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं तेव्हा त्याच वेळी हेही सांगितलं होतं की धोका संपलेला नाही, पण पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि दुसरं ऐकायला कोणी थांबलंच नाही. मी त्यांना दोष देत नाही, मलाही थांबायचं नव्हतं.

तर माझ्या हिशोबात रोगासोबत जगायच्या दोन तऱ्हा आहेत, एक सवय आणि दुसरी सोय. सवय म्हणजे माणसं तेवढीच आजारी पडतात, फक्त आपण मोजणं सोडतो. सोय म्हणजे मधे काहीतरी असं बांधलं जातं की माणसं कमी आजारी पडतात आणि आपण रोगाचं नाव विसरलो तरी चालतं.

कॉलरा घ्या. लंडनमध्ये १८५४ ला जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने चौकशी करून दाखवलं की बहुतेक मृत्यू पाण्याच्या एका पंपाच्या आजूबाजूला आहेत, आणि त्या पंपाचं हँडल काढायला लावलं, ही गोष्ट शाळेपासून सगळ्यांना पाठ असते. पण साथ ओसरल्यावर ते हँडल परत बसवलं गेलं हे कोणी सांगत नाही. म्हणजे सवय! पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची एवढी घाण सुटली की पार्लमेंटमध्ये बसणं मुश्किल झालं, तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने शहराखालून गटारांचं जाळं टाकायला घेतलं. १८६६ ला कॉलरा परत आला तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथे हे काम अजून पुरं व्हायचं होतं. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आलीच नाही. लोक जास्त शहाणे झाले म्हणून नव्हे, पाईप झाले म्हणून.

याहून बोलकं उदाहरण जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं आहे. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग आणि त्याला चिकटून असलेलं आल्टोना, दोन्ही एल्बे नदीचंच पाणी पीत होते, उलट आल्टोनाचं पाणी प्रवाहाच्या खालच्या अंगाने घेतलेलं, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचं. पण आल्टोना ते वाळूतून गाळून द्यायचं आणि हॅम्बुर्ग न गाळताच द्यायचं, कारण फिल्टरचा खर्च कोणी करायचा यावर वर्षानुवर्षं चर्चाच चालली होती. हॅम्बुर्गमध्ये काही आठवड्यांत कॉलऱ्याने ८,६०० च्या आसपास माणसं मेली. दोन्ही गावांची हद्द जिथून जायची त्या रस्त्याच्या एका बाजूला रोगी आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरडी. माणसं तीच, हवामान तेच, हात धुणारे न धुणारे दोन्हीकडे सारखेच, फरक काय तर एका गावाने वाळू टाकली होती. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गनेही फिल्टर बसवला, म्हणजे जमत नव्हतं असं काही नव्हतंच.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जन्मभर सगळे मास्क लावून फिरणार नाहीत. माणसाची सावधगिरी काही महिन्यांत थकते, ती बॅटरीसारखी आहे, संपते. टिकतं ते जे भिंतीत, पाईपात आणि कायद्यात जातं. कायमचा रोग असलेला आणि त्याच्याशी नीट जुळवून घेतलेला समाज वरून बघितला तर तुम्हाला बहुतेक ओळखूही येणार नाही. इमारतींना अग्निशमनाचं सर्टिफिकेट लागतं तसं हवेचं लागेल. सांडपाणी तपासून लाट हॉस्पिटलात पोचायच्या कित्येक दिवस आधी कळते, पोलिओसाठी हे फार आधीपासून करतात आणि कोविडमध्ये बऱ्याच देशांनी केलं, तर मग पावसाच्या अंदाजासारखा लाटेचा अंदाज बातम्यांच्या शेवटी येईल आणि लोक त्याप्रमाणे लग्नाचा हॉल उघड्यावर घ्यायचा की बंद तेवढं ठरवतील. परीक्षेच्या दिवशी ताप आला तर दुसरी तारीख मिळणं ही मेहरबानी न राहता नियम होईल. दवाखान्यात खोकणाऱ्यांचं आणि पाय मुरगळलेल्यांचं वेटिंग वेगळं असेल, खरं तर हे आजही असायला हवं, मला अजून कळलेलं नाही की नाकातून पाणी गळणारा माणूस आणि केमोथेरपीवाला एकाच बाकावर का बसवतात.

आणि वाईट पद्धतीने जुळवून घेतलेला समाज पण दिसतो डोळ्यासमोर, त्यासाठी कल्पना फार ताणायला नको. ज्यांना परवडतं ते स्वच्छ हवा विकत घेतील आणि घरून काम करतील, ज्यांना परवडत नाही ते त्यांच्या दारात सामान पोचवतील, आणि दर लाटेत आजारी कोण पडतं हे आकड्यांत दिसत असूनही आकडे छापायचे बंद होतील. पूर्वी प्लेग आला की श्रीमंत शहर सोडून जायचे आणि नोकर मागे घर सांभाळायला राहायचे, तेच, फक्त ॲपवर.

रोग जसजसा जुना होतो तसा तो सौम्य होत जातो हा निसर्गाचा नियमच आहे, कारण माणूस मेला तर विषाणूचंच नुकसान. मग एवढं करायची गरज काय? थोडं थांबलं की झालं.

हा नियम मला पण कॉलेजात शिकवला होता, ऐकायला इतका गोड आहे की खोटा वाटतच नाही. देवी रोग माणसात शेकडो वर्षं राहिला आणि शेवटपर्यंत त्याचा मोठा प्रकार झालेल्या दर दहांतले साधारण तीन मारत राहिला. तो सौम्य झाला नाही, त्याला लस टोचून संपवावं लागलं, १९८० ला तो संपल्याचं जाहीर झालं. कारण साधं आहे, विषाणूला एवढंच हवं असतं की तुम्ही मरायच्या आधी पुढच्याला द्यावा. ते जमलं की पुढे तुमचं काय होतं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

ऑस्ट्रेलियातली सशांची गोष्ट या बाबतीत फार छान आहे. तिथे ससे बेसुमार झाले म्हणून १९५० मध्ये मिक्झोमा नावाचा विषाणू मुद्दाम सोडला, सुरवातीला तो १०० तले ९९ ससे मारायचा. काही वर्षांत तो खरंच थोडा सौम्य झाला, आणि हीच अर्धी गोष्ट घेऊन लोक निसर्गाचा नियम सांगत फिरतात. पण सौम्य म्हणजे किती, तर जास्त पसरलेले प्रकार अजूनही निम्म्याहून कितीतरी जास्त ससे मारत होते. आणि नंतर ससे जसे चिवट झाले तसा विषाणू परत तिखट झाला. आता ज्यांना थांबायचंय त्यांनी स्वतःला कुठल्या पिढीतला ससा समजायचं ते ठरवावं.

हां, एक गोष्ट खरी की बहुतेकांना लस किंवा आधीचा संसर्ग यामुळे थोडी ताकद आलेली असते म्हणून तोच रोग पुढे कमी मारतो. १९१८ च्या फ्लूचे वंशज आजही फिरतायत आणि १९१८ सारखं होत नाही. पण त्यात विषाणूचा चांगुलपणा शोधू नका, आणि नवीन जन्मलेलं बाळ आणि म्हातारपण यांच्याकडे ती ताकद नसते किंवा उतरत गेलेली असते हे विसरू नका.

मी शाळेत शिकवते. वर्गात वर्षभर कोणी ना कोणी आजारी, मग मी आजारी, मग माझ्या घरचे. शाळेने दारात सॅनिटायझर ठेवलंय, बाकं पुसतात, भिंतीवर हात धुवायची चित्रं आहेत. तरी फरक नाही. चुकतंय कुठे?

बाई, चूक तुमची नाही, शाळा पण मनापासून करतेय, फक्त करतेय चुकीच्या ठिकाणी. हात धुणं जुलाब-उलट्यांसाठी फार चांगलं, ते सोडू नका. पण सर्दी-खोकला, फ्लू, कोविड, गोवर, टीबी यांची मुख्य वाट हवा आहे. गोवराचा एक पेशंट, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना देतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत गोवर असू शकतो. बाक पुसून त्याचं काय होणार.

एक खेळ सांगते. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर मिळतं, कोणाकडून तरी उसनं आणा. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो, आणि आपण सोडलेल्या श्वासात तो ४०,००० च्या जवळ. आता दारं-खिडक्या बंद करून वर्ग भरवा आणि अर्ध्या तासाने बघा. १,२०० दिसला तर तुमचा साधारण दर पन्नासावा श्वास हा दुसऱ्या कोणाच्या तरी फुफ्फुसातून येऊन गेलेला आहे. २,००० दिसला तर दर पंचविसावा. (मुलांना हे सांगितलं की ती ईईई करतात आणि आपणहून खिडकी उघडतात, मी करून बघितलंय, कुठल्याही पोस्टरपेक्षा भारी.) ८०० च्या खाली ठेवता आलं तर बरंच झालं. खिडकी समोरासमोर नसेल तर पंखा खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा, आणि थंडी, धूर किंवा आवाजामुळे खिडकी उघडताच येत नसेल तर हेपा फिल्टरचं मशीन. तो फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण सुद्धा १०० तले ९९.९७ पकडतो, पण मशीन खोलीच्या मापाचं हवं आणि चालू हवं. हसू नका, आवाज येतो म्हणून बंद करून ठेवलेली मशीन मी स्वतः पाहिलीत. मात्र मशीन लावल्यावर मीटरचा आकडा खाली येणार नाही हे लक्षात असू द्या, कारण फिल्टर कण काढतो, वायू काढत नाही, नाहीतर तुम्ही मला परत पत्र लिहाल.

हे नवीन आहे असंही नाही. विल्यम वेल्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ पासून फिलाडेल्फियाच्या भागातल्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात हवेतले जंतू मारणारे अतिनील दिवे लावले, १९४१ ला गोवराची मोठी साथ आली तेव्हा दिवे असलेल्या वर्गांत प्रसार खूपच कमी झाला. मग दुसरीकडे तोच प्रयोग केला तर तेवढा फरक पडेना, का, तर ती पोरं एकाच बसमधून कोंबून यायची आणि बसला दिवे नव्हते. मला ही दुसरी, फसलेली गोष्टच जास्त आवडते. तुमच्या वर्गाची हवा सुधारली आणि स्टाफरूम, व्हॅन, क्लास तसेच राहिले तर अर्धंच काम होईल, आणि मग कोणीतरी म्हणेल बघा फिल्टरने काही होत नाही.

मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर रोगाचं नाव काढू नका, गैरहजेरीचं रजिस्टर घेऊन जा.

लोकांच्या सवयी बदलत नाहीत हो डॉक्टर, उगाच अपेक्षा.

एका ओळीचं पत्र आहे, उत्तर पण छोटंच देते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत रेल्वेत आणि शाळेत पाण्याच्या पिंपाला एकच पेला साखळीने बांधलेला असायचा, सगळे त्यानेच प्यायचे, टीबीवाला सुद्धा. १९०९ ला कॅन्सस राज्याने तो बंद केला, मग एकेक करत बाकीची राज्यं. लोकांनी कुरकुर केली असेलच, पण त्याच सुमारास कागदी ग्लास आला आणि प्रश्न मिटला. आज कोणाला तो साखळीचा पेला परत हवाय? सवय बदला असं नुसतं सांगितलं असतं तर तो पेला अजून लटकत असता.

ऑफिसमध्ये ताप असला तरी यावं लागतं, नाही गेलं तर पगार कापतात. सहकारी खोकत येतात, मी त्यांच्यावर चिडते, मग माझी वेळ आली की मी पण तशीच जाते. मी स्वार्थी आहे का?

नाही. तुम्ही हिशोबी आहात, तुमच्या जागी मी पण गेले असते.

तुम्हाला मेरी मॅलनची गोष्ट सांगते, जिला पेपरवाल्यांनी टायफॉइड मेरी असं नाव पाडलं. न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण होती, स्वतःला काही त्रास नाही पण शरीरात टायफॉइडचे जंतू, ज्या घरात काम करेल तिथे माणसं आजारी. १९०७ ला तिला पकडून एका बेटावर ठेवलं. १९१० ला सोडलं ते या अटीवर की स्वयंपाक करायचा नाही. बरं, मग करायचं काय? तिने कपडे धुवायचं काम धरलं, त्यात पैसे बरेच कमी. शेवटी नाव बदलून ती परत स्वयंपाकाला लागली, तेही एका बायकांच्या हॉस्पिटलात, तिथे २५ जणांना लागण झाली, दोघं गेले, आणि १९१५ ला तिला परत बेटावर नेलं ते १९३८ ला मरेपर्यंत. सगळे म्हणतात काय दुष्ट बाई. असेल हट्टी, तिला आपण आजारी आहोत हे पटलंच नव्हतं कधी. पण त्याच शहरात तिच्यासारखे शेकडो वाहक नंतर सापडले आणि त्यांना असं जन्मभर कोंडलं नाही. आणि मला राहून राहून वाटतं की तिला स्वयंपाकाएवढा पगार देणारं दुसरं काम मिळालं असतं तर त्या २५ जणांचं काय झालं असतं.

कायमच्या रोगाच्या समाजात आजारपणाची भरपगारी रजा ही कामगारांवर केलेली दया नसते, ती गटारासारखी असते, म्हणजे नुसती स्वतःसाठी नाही तर शेजाऱ्यासाठी पण लागते. जर्मनीने १८८३ मध्येच आजारपणाचा विमा कायद्याने आणला, त्यात घरी पडून असताना मजुरीचा काही भाग मिळायचा, म्हणजे ही कल्पना काही अंतराळातली नाही.

तुमच्या हातात आत्ता काय आहे? साहेबांना एकट्याने सांगू नका, चार-पाच जणांनी मिळून सांगा, आणि सांगताना तब्येतीचं नाही, एक खोकणारा आला की पुढच्या दोन आठवड्यांत किती जण घरी बसले ते सांगा. जायलाच लागलं तर एन९५ घाला, खिडकीजवळ बसा, जेवायला बाहेर बसा. आणि दुसरा खोकत आला तर त्याच्यावर चिडू नका, चिडायचं योग्य ठिकाण एक मजला वर आहे.

माझ्या धाकट्या दिराला टीबी निघालाय, औषधं सुरू होऊन महिना झाला. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी, पेला, टॉवेल सगळं वेगळं केलंय, मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. ते काही बोलत नाहीत पण खोलीतून बाहेर येणं बंद केलंय. हे बरोबर आहे का?

ताट-वाटीने टीबी होत नाही. परत लिहिते, ताट-वाटीने, कपड्याने, हात लावल्याने टीबी होत नाही, तो हवेतून होतो, तोही बराच वेळ एका बंद खोलीत बसल्यावर. औषधं लागू पडत असतील आणि रोज नीट घेतली जात असतील तर साधारण दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यापासून होणारा संसर्ग खूपच कमी होतो. त्यांचा टीबी साध्या औषधांना दाद देणारा आहे ना आणि थुंकीची तपासणी कधी आहे, एवढं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची, तपासणी करून घ्या, कारण टीबी आत झोपून असेल तर तो उठू नये म्हणून औषध देता येतं. सासूबाईंची काळजी खरी आहे, तिला वेडेपणा म्हणू नका, फक्त ती ताटातून उचलून खिडकीकडे न्या.

त्यांना एक जुना अभ्यास सांगा. १९५० च्या दशकात टीबीवाल्याला घरापासून दूर सॅनेटोरियममध्ये कित्येक महिने ठेवायचं, चांगलं खायला, आराम, मोकळी हवा, हेच खरं उपचार समजायचे. मद्रासमध्ये तेव्हा असं केलं की काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या घरीच, गर्दीच्या, गरीब घरी ठेवून तीच गोळ्या-औषधं दिली. १९५९ ला निकाल छापला, बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं. आणि ज्यासाठी सगळे श्वास रोखून होते ते म्हणजे घरच्यांचं काय, तर रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त टीबी झाला नाही, कारण जी काही लागण व्हायची ती निदान व्हायच्या आधीच होऊन गेलेली असते. त्या एका अभ्यासानंतर जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू ओस पडली. कायमच्या रोगासोबत जगायला शिकण्यातली ती फार मोठी पायरी होती, रोग्याला समाजातून न काढता.

आणि मला तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य जास्त टोचलं. टीबीची औषधं साधारण सहा महिने घ्यायची असतात, आणि जो माणूस खोलीतून बाहेर येत नाही तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गोळ्या पण सोडतो, तेव्हा मात्र सगळ्यांना धोका. तुम्ही उद्या त्यांच्या खोलीची खिडकी उघडा, आणि तुमचं ताट घेऊन तिथे जेवायला बसा. सासूबाई बघतील. बोलावं लागणार नाही.

माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, त्यामुळे प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली. लस घेतली तरी पुरेशी लागू होत नाही. सगळ्यांचं आयुष्य परत नॉर्मल झालं, माझं नाही. मास्क लावून गेलं की लोक विचारतात अजून? तुम्हीच दोन वर्षांपूर्वी या सदरात लिहिलं होतं की आता भीती सोडा, ज्याला धोका आहे त्याने काळजी घ्यावी, बाकीच्यांनी जगावं. ते वाक्य मी कापून ठेवलंय.

हे पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं.

हो, लिहिलं होतं. तेव्हा सगळे थकले होते, मी पण थकले होते, आणि ते वाक्य छान वाटलं. आता वाचल्यावर कळतं की त्यात मी सगळं ओझं उचलून नेमकं तुमच्या डोक्यावर ठेवलं, म्हणजे ज्याला पाण्याची ॲलर्जी त्याने पोहायला शिकावं तसं. वर हॅम्बुर्गच्या फिल्टरवर एवढं पानभर लिहिलंय, तिथे कोणी म्हणालं नसतं का की ज्याचं पोट नाजूक आहे त्याने पाणी उकळून प्यावं. म्हणालेच असतील. मी चुकले.

आता कामाचं. मास्क एकट्याने लावला तरी उपयोग होतो, पण तो एन९५ किंवा त्याच्या तोडीचा हवा आणि चेहऱ्याला सगळीकडून चिकटलेला हवा, श्वास सोडल्यावर चष्म्यावर धुकं आलं म्हणजे नाकाजवळून हवा जातेय. कापडी नको. दवाखान्यात अपॉइंटमेंट दिवसातली पहिली मागा, तेव्हा खोलीत आदल्या कोणाची हवा नसते. तुमच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांशी आजच दोन गोष्टी बोलून ठेवा, लसीचे जादा डोस कधी आणि लागण झालीच तर कुठलं औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, कारण यातली काही औषधं तुमच्या नेहमीच्या गोळ्यांशी भांडतात आणि डोस बदलावे लागतात, आजारी पडल्यावर रात्री अकराला ते शोधत बसायची वेळ नको. घरात माणसं येणार असतील तर दोन खिडक्या आणि एक मशीन, आणि येणाऱ्याने निघायच्या आधी घरीच रॅपिड टेस्ट करावी, निगेटिव्ह म्हणजे गॅरंटी नाही पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

हे मागायला लाज वाटते हे मला माहितीये. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणींच्या ग्रुपने वर्षातून दोनदा भेटायचं ठरवलं आणि तुम्ही दोन्ही वेळा कारण सांगून टाळलं. तिसऱ्या वेळी कारण सांगू नका, जागा सांगा. गच्ची, बाग, मैदानाच्या पायऱ्या, काहीही उघडं. तुम्ही ठरवायची जागा आणि त्यांनी आणायच्या खुर्च्या. त्यातली एखादी म्हणेल अजून?, तिला हे पान दाखवा, आणि ते जुनं कात्रण पण दाखवा, माझी हरकत नाही.